बराबर म्हणेपर्यंत

धर्मसिंग गुरुजी फिरले, ही बातमी मला चाँद पाशांनी दिली. गोरेगावात स्टँडजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि शेजारी त्यांचं बांगड्यांचं. मी हुक लावत बसले होते. ते दारात येऊन म्हणाले, "दिपाबेटी, तुमच्या गुरुजींनी डोंगरकड्याच्या सभेत सांगितलं म्हणं, नसाब परत बसवा."

मी म्हटलं, "चाचा, ऊन लागलंय तुमाला. पाणी प्या."

ते पाणी प्यायले आणि त्यांनी खिशातून फोन काढून मला दाखवला. गुरुजीच होते. तोच पांढरा सदरा, तीच बोट वर करून बोलायची सवय. "मी चुकलो," ते म्हणत होते. "नसाब मोडली तिथं मी चुकलो." मी ते परत परत पाहिलं, कारण एकदा पाहून माझा विश्वास बसेना.

नसाब म्हणजे आमच्या तांड्याची पंचायत. नायक, कारभारी आणि जाणते पुरुष बसतात, भांडण ऐकतात, निकाल देतात. बाईने तिथे बोलायचं नाही. तिचा बाप नाहीतर भाऊ बोलतो. ती लांब कुठेतरी पदर घेऊन बसते आणि आपलं काय ठरलं ते तिला घरी गेल्यावर कळतं. गुरुजी आमच्याच तांड्यातले, आश्रमशाळेत शिकवायचे. मी लहान असताना त्यांनी या नसाबीविरुद्ध रान उठवलं. पुस्तिका छापल्या, कुरुंद्यापासून गोरेगावपर्यंत तांड्यातांड्यात सभा घेतल्या, सख्ख्या चुलत्याशी बोलणं तोडलं. त्यांच्या दारावर दगड पडले, तरी हटले नाहीत. शेवटी जुन्या नायकाने नसाब बसवायचीच सोडून दिली.

आणि दर रविवारी दुपारी सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर, लिंबाखाली त्यांनी वर्ग सुरू केला. ताडपत्री टाकायची आणि वाद घालायचा. पण त्या वादाला त्यांचा एक नियम होता. समोरच्याचं खोडायच्या आधी त्याचंच म्हणणं तू मांडायचं. असं मांडायचं, की त्याने स्वतःहून 'बराबर' म्हटलं पाहिजे. मग त्याने तुझं तसंच मांडायचं. आणि दोन्हीकडून 'बराबर' येईपर्यंत ताडपत्रीवरून कोणी उठायचं नाही. खोटं 'बराबर' किंवा खोटं 'न्हाई' ही गुरुजींच्या लेखी चोरी होती. वर्गातल्या भीमराजने एकदा हट्टाने खोटं 'न्हाई' धरून ठेवलं, तर त्याला महिनाभर वर्गात बसू दिलं नव्हतं. नियम साऱ्या तांड्याच्या अंगवळणी पडला होता. घरात नवराबायको भांडली तरी कोणीतरी म्हणायचं, आधी तिचं म्हणणं मांड.

त्या ताडपत्रीवर मी बोलायला शिकले. पुढे गुरुजींबरोबर सभांना जायला लागले आणि नसाब का नको हे मी त्यांच्यापेक्षा जोरात सांगायचे, कारण तिथे तोंड बांधलं जायचं ते माझ्यासारखीचं.

माझं लग्न सेनगावकडच्या तांड्यातल्या रणजीतशी झालं. त्याने दुसरी आणली आणि मला दिवस गेलेले असताना हाकलून दिलं. माझा भाऊ हरिचंद म्हणाला, नायकाच्या पाया पडू, नसाब बसवू. गुरुजी म्हणाले, "न्हाई. कोर्टात जा. वेळ लागंल, पण कागदावर सुटशील ती खरी सुटका." मी गेले. प्रतिक्षा पोटात होती तेव्हा लावलेली केस. आता पोरगी पाचवीत आहे. साहेब बदलले, वकील बदलले, कोर्टाला रंग दिला तोही आता उडाला. समन्स परत येतं, इसम पत्त्यावर मिळून येत नाही म्हणून. तो इसम मला गोरेगावच्या बाजारात दर आठवड्याला वांगी घेताना दिसतो.

नवऱ्याचं नाव अजून माझ्या नावापुढे आहे. दुकानाच्या गाळ्याच्या कागदावर, गॅसच्या पुस्तकावर, पोरीच्या दाखल्यावर, सगळीकडे रणजीत. मला ते नाव काढायचं होतं. बाकी मला कोणाचं काही नको होतं.

तर मी त्याच दिवशी दुकान बंद केलं आणि जीपने तांड्यात आले. गुरुजी ओसरीवर चिंच फोडत बसले होते. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

"काहून फिरलात?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"बस आधी."

"बसणार न्हाई. काहून फिरलात?"

"तुझ्यामुळं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, काहीतरी मोठं सांगतील. पुस्तकातलं, इतिहासातलं. ते म्हणाले, "मागच्या महिन्यात पुतण्याच्या कामाला कोर्टात गेलतो. तू त्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपलेली. डबा मांडीवर. मी समोर उभा होतो, तुला उठवायची हिंमत झाली न्हाई. दिपा, मी तुला त्या बाकड्यावर बसवलं आन् घरी येऊन जेवलो. इतकी वर्षं रोज जेवलो."

"म्हणून नसाब? बाईचं तोंड बांधणारी?"

"जुनी नसाब चुकीचा निकाल द्यायची, पण त्याच दिवशी द्यायची. चुकीच्या निकालाशी माणूस भांडू शकतो. मी भांडलो. पण जो निकाल येतच न्हाई त्याच्याशी तू कशी भांडणार? कायदा आपला म्हणून मी तो तांड्यात आणला. तो तालुक्यालाच राहिला. इथं काय राहिलं मग? नसाबबी न्हाई आन् कायदाबी न्हाई. मधल्यामधी तू." त्यांनी हात पुसले. "नवी नसाब बसवू. बाया बोलतील अशी. पुनमचंद कबूल झालाय."

पुनमचंद म्हणजे आताचा नायक. गोड बोलतो.

मी तावातावाने निघून आले. त्या आठवड्यात कितीतरी जणांनी मला फोन केले. आमच्या सभा भरवणारी हिंगोलीच्या संघटनेची पोरं म्हणाली, ताई, म्हातारा विकला गेला, तुम्हीच त्याला जाहीर उत्तर द्या. विकला गेला असता तर फार बरं झालं असतं. मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ते विकले गेले नव्हते, विचार करून फिरले होते, आणि त्या विचारात मध्यभागी मीच त्या बाकड्यावर झोपलेली होते. ज्या सभांमधून मी घसा फोडून ओरडले, त्यांतलं एकेक वाक्य मला आठवायचं आणि त्याच्या पुढे माझीच पुढची तारीख दिसायची.

तशात पुनमचंद घरी आला. चहा घेतला, हरिचंदला शेजारी बसवलं. म्हणाला, "रविवारी वर्गात तुझं न् गुरुजींचं होऊन जाऊ दे. ते झालं की तिथंच नसाब बसवू. पहिली केस तुझी. रणजीत यायला तयार हाय, कागदावर सही द्यायलाबी. एका बैठकीत मोकळी."

"एका बैठकीत?"

"दिवेलागणीच्या आत." आमच्या तांड्यात दिवा लागल्यावर नसाब बसवत नाहीत. माणसांची तोंडं उजेडात दिसली पाहिजेत, ही पुनमचंदच्या आजोबापासूनची रीत.

मी काही बोलायच्या आत हरिचंदने शब्द देऊन टाकला. मी हरिचंदच्या घरात राहते. त्याने माझ्यासाठी भावकीचं ऐकून घेतलंय, वहिनीचं ऐकून घेतलंय. दोन तांड्यांमध्ये गेलेला शब्द मागे घेतला असता तर त्याला तांड्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि मीही नको म्हटलं नाही, हेही लिहून टाकते. नऊ वाजताची जीप, बाकडं, 'पुढील तारीख', हे सगळं एका दुपारी संपणार होतं. माझी याडी, म्हणजे आई, रुक्माबाई, चुलीपाशी बसून ऐकत होती.

मग मी मनात एक ठरवलं. रविवारी हरायचं. गुरुजींचं म्हणणं इतकं चांगलं मांडायचं, की ते लगेच 'बराबर' म्हणतील. आणि माझी पाळी आली की म्हणायचं, मला पटलं, माझं काही म्हणणं नाही. हरून नसाबीसमोर बसले तर निदान दुतोंडी तरी ठरणार नाही.

रविवारी लिंबाखाली कधी नव्हे एवढी माणसं होती. हिंगोलीची पोरं मोटरसायकलींवर आली होती. बाया मंदिराच्या पायरीशी बसल्या, त्यांत याडी. प्रतिक्षाला मी घरीच ठेवलं होतं. रणजीतची जीप मंदिराच्या बाजूला, रस्त्यावरच सावलीला उभी होती. तो जीपमध्येच त्यांच्या नायकाशेजारी पुढे बसला होता, मांडीवर दुकानाची नवी पिशवी, तिच्यातून गुलाबी झालर बाहेर आलेली. मी नजर फिरवली.

"दिपा, मांड," गुरुजी म्हणाले.

मी मांडायला लागले. कोर्ट लांब का, त्याची भाषा आपली का नाही, नसाबीत माणूस माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतो ते का मोलाचं. गुरुजींनी मान हलवली. "न्हाई. राहिलंय."

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. मी ताडपत्रीकडे बघत म्हटलं, "मी धर्मसिंग. मी एका पोरीला सांगितलं, कोर्टात जा. ती गेली. तिचं लेकरू पाचवीत गेलं तरी ती तिथंच बसलेली हाय. माझा विचार बराबर होता, पण तो विचार जगायचं काम मी तिच्यावर टाकलं. ज्या विचारानं माणूस बाकड्यावर म्हातारं होतं, तो मी परत तपासणार. लोक मला फिरला म्हणतील. म्हणू दे."

गुरुजींचे डोळे भरून आले. "बराबर," ते म्हणाले. मलाही भरून आलं, कारण मी हरायला आले होते आणि बोलता बोलता मला ते खरंच पटलं होतं.

पुनमचंद खूश होऊन गुडघ्यांवर हात टेकवून उठायला लागला. "चला मग, झालं! नसाब बसवू. हरिचंद, पोरीचे कपडे बांधून ठेव. त्या लोकांना अंधाराच्या आत पोचायचं हाय."

"कोणत्या पोरीचे?" मी विचारलं.

"कोणत्या म्हणजे? तू मोकळी झालीस की लेकरू बापाच्या गोताचं. रीतच हाय ती. रणजीत तिला न्यायलाच आलाय. त्याच्या घरी दोन बारकी लेकरं हायत, हाताखाली कोणीतरी पाहिजे."

मी जीपकडे पाहिलं. पिशवीतून फ्रॉक आता अर्धा बाहेर आला होता. शिवणारीला माप डोळ्यानेच कळतं. ते माप माझ्या पोरीचं होतं.

हरिचंदने मान खाली घातली. त्याला माहीत होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. गुरुजींचा मात्र चेहरा पांढरा पडला. "पुनमचंद," ते म्हणाले, "आपलं बोलणं झालतं. नवी नसाब. बाई बोलेल."

"बोलेल की! बोलू देऊ. आमी कुठं न्हाई म्हणतो? पण बोलल्यानं रीत बदलती का गुरुजी?"

इतकी वर्षं कोर्टाने मला सोडवलं नव्हतं, पण प्रतिक्षालाही माझ्याकडून कोणी नेलं नव्हतं. मी उठून पोरीला घेऊन पळाले असते तरी कुठे जाणार होते? रस्ता एक, जीप त्याच रस्त्यावर उभी. भावाचा शब्द गेलेला. माझ्या बाजूने बोलायला आलेली पोरं तिघंचौघं, आणि गुरुजींना 'बराबर' मिळवून देणारी तर मीच.

तेव्हा मला नियम आठवला.

"बसा नायक," मी म्हटलं. "वर्ग संपला न्हाई. मी गुरुजींचं मांडलं. आता त्यांनी माझं मांडायचं. मी बराबर म्हणेपर्यंत ताडपत्रीवरून कोणी उठायचं न्हाई."

"आता काहून उगंच..."

"बसा," गुरुजी म्हणाले. त्यांचा शाळेतला आवाज होता तो. त्या ताडपत्रीवरचे निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. पुनमचंद पण. तो बसला.

गुरुजी बोलू लागले. बाईचा हक्क, घटना, समता, रीत कोणी केली आणि कोणासाठी. सुरेख बोलले. हिंगोलीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"न्हाई," मी म्हटलं. ते खरं 'न्हाई' होतं. ती त्यांची जुनी पुस्तिका होती, तिच्यात मी कुठे नव्हते.

ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "मी दिपा. मला मोकळं व्हायचंय. पण माझं लेकरू देऊन न्हाई. कोर्ट म्हणतं थांब, नसाब म्हणती लेकरू दे. मला कोर्टात पाठवणारा धर्मसिंग आन् नसाबीत आणणाराबी धर्मसिंगच. तो फिरला, त्याची सभेत चर्चा झाली. मी जिथं बसले होते तिथंच बसलेली हाय. दोन्ही खेपेला त्यानं मला सांगितलं. एकदाबी विचारलं न्हाई."

लिंबाचा बारीक मोहर ताडपत्रीवर गळत होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

बराबर होतं. अगदी शब्दाशब्दाला बराबर होतं. माझ्या याडीनेही माझं इतकं नीट सांगितलं नसतं. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं, की पुनमचंदने परत गुडघ्यांवर हात ठेवलेत. जीपचं दार वाजलं. रणजीत पिशवी घेऊन खाली उतरला होता. मी 'बराबर' म्हटलं की वर्ग संपणार होता, आणि ऊन अजून भरपूर होतं.

"न्हाई," मी म्हटलं.

गुरुजींनी वर पाहिलं. माझ्या खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. मला पण नव्हती. भीमराजला महिनाभर बाहेर बसवणारा माणूस तो. आता म्हणेल, दिपा, उठ, चोरी केलीस.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच शोधा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जीपकडे पाहिलं, रणजीतच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. आणि मांडी बदलून, पाठ ताठ करून बसले.

"बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "मुळातूनच मांडाय पाहिजे. मंडळी, बसा. पहिल्यापासून घेतो."

आणि त्यांनी पहिल्यापासून घेतलं. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून कुठून कुठे जायचे तिथून. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, रस्त्यातले मुक्काम, निजामाचे नाके. रेल्वे आली आणि मीठ गेलं. एक बाई त्या तांड्यात होती, तिची गोष्ट. मग तिच्या मुलीची. अर्धा तास झाला तरी माझा जन्म झालेला नव्हता. थांबले की माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "न्हाई." ते म्हणायचे, "खरं हाय, सुटलं काहीतरी," आणि परत सुरू. पुनमचंद दातओठ खात होता. पण नियम नियम होता, आणि सगळ्या तांड्यासमोर तो मोडणारा पहिला माणूस नायकाला व्हायचं नव्हतं. रणजीतचा जीपवाला हॉर्न वाजवायला लागला.

ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं तेव्हा पायरीवरून याडी उठली. गुडघे धरत मंदिरात गेली आणि तिने दिवा लावला.

"याडी!" पुनमचंद ओरडला. "अजून दिवस हाय की!"

"मला आताशा दिसत न्हाई रे बाबा," ती म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली.

लावलेला दिवा विझवायला कोणी पुढे झालं नाही. पुनमचंद उठला, धोतर झटकलं. "पुढच्या रविवारी," तो म्हणाला. "आधी वर्ग, मग नसाब. तवा बघू." रणजीतने पिशवी जीपमध्ये फेकली. धूळ खाली बसेपर्यंत मी बसूनच होते.

माणसं पांगली. हरिचंद माझ्याशी न बोलता घराकडे गेला. मी ताडपत्रीची दोन टोकं धरली, गुरुजींनी दुसरी दोन धरली, आणि आम्ही घडी घालायला लागलो.

"दुसऱ्या खेपेलाच बराबर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी मान हलवली. जवळ येऊन त्यांच्या हातातली टोकं माझ्या हातात दिली.

"आन् पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारीबी चुकावं लागंल, गुरुजी."

"किती रविवार, दिपा?"

"ते मला काय विचारता," मी म्हटलं. "कोर्टात वेळ लागतो, असं तुमीच सांगितलं होतं."